जीपचे गेलेले गिऱ्हाईक परत येईल काय?

सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात ‘जीप’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील एखादी कंपनी उभी राहत नाही. उभी राहते ती मामलेदाराची किंवा गटविकास अधिकाऱ्याची धुळीने माखलेली सरकारी गाडी, निवडणुकीच्या हंगामात कर्णा बांधून फिरणारी प्रचाराची गाडी, नाही तर दहांच्या जागी वीस माणसे कोंबून बाजारगावाकडे निघालेली आणि आपल्याकडे ‘वडाप’ या नावाने ओळखली जाणारी प्रवासी गाडी. खादीला किंवा तांब्याला जसा कोणी मालक नसतो, तसा या शब्दालाही मालक असेल असे आपल्या लोकांना कधी वाटलेच नाही. वस्तुतः त्याला मालक आहे. तो मालक आज अडचणीत आहे, आणि त्याची भारतातील गाडी आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होत आली आहे. २०१७ मध्ये मोठ्या गाजावाजाने बाजारात उतरलेल्या या गाडीची विक्री पुढील सातआठ वर्षांत महिन्याला काही शेकड्यांवर घसरली. ही विक्री पुन्हा वर येऊ शकेल काय, हा प्रश्न वरवर पाहता ऐपतदार ग्राहकांचा आणि परदेशी भागधारकांचा आहे. परंतु तळेगावला जे घडले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो इतका परका वाटणार नाही.

जीपचा जन्म युद्धातला. १९४१ पासून अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो येथे विलीज-ओव्हरलँड कंपनीने आणि तिच्याच आराखड्यावर फोर्ड कंपनीने मिळून महायुद्धाच्या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर या गाडीचे नागरी रूप बाजारात आले आणि त्याच सुमारास मुंबईतील महिंद्र कंपनीने ती भारतात आणण्याचा व जोडण्याचा परवाना मिळविला. १९४९ च्या सुमारास माझगाव येथे या गाड्यांची जोडणी होऊ लागली. पुढे सुटे भाग येथेच बनू लागले, मूळ आराखड्यात फेरफार होत गेले, परवान्याचे नाते सैल झाले, आणि गाडी नावाने अमेरिकन व देहाने भारतीय बनली. तिकडे मूळ कंपनीचे हात बदलतच राहिले. १९५३ मध्ये ती कैसरकडे गेली, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे. क्रायस्लरचे जर्मनांशी लग्न झाले व मोडले, २००९ मध्ये तिचे दिवाळे निघून ती इटलीच्या फियाटच्या पदरात पडली, आणि २०२१ च्या जानेवारीत फियाट-क्रायस्लर व फ्रान्सची प्यूजो यांच्या विलीनीकरणातून स्टेलांटिस नावाचे जे प्रचंड कुटुंब जन्माला आले, त्यातील अनेक भावंडांपैकी जीप हे एक झाले. इतक्या घरांत नांदूनही नावाची पत टिकली. हे भाग्य फार थोड्या व्यापारी नावांना लाभते.

तथापि भारतात या पतीचा लाभ मूळ मालकाला मिळाला नाही. येथे एका सोलापूरकराला आपल्या चादरीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांकाचे कायदेशीर संरक्षण मिळूनही पानिपतच्या मागांवर विणलेला माल त्याच नावाने देशभर विकला जातो. नाव जितके लोकप्रिय, तितकी त्याची राखण कठीण. जीपचे तेच झाले, फक्त तिच्या बाबतीत नाव वापरणारे लोक भोळेपणाने ते वापरीत होते. पुढे यातून न्यायालयीन प्रकरणही उद्भवले. महिंद्र कंपनीने अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची शेतावर चालविण्याची गाडी विकावयास काढली, तेव्हा ती जुन्या जीपच्या रूपाची नक्कल आहे अशी तक्रार फियाट-क्रायस्लरने २०१८ मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली आणि २०२० मध्ये आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने निर्णय दिला. ज्या कंपनीने सत्तर वर्षांपूर्वी रीतसर परवाना घेऊन हे रूप भारतात आणले आणि खेडोपाडी पोहोचविले, तिलाच त्या रूपासाठी अमेरिकेत दोषी ठरावे लागले. कायद्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेलही. पण त्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०२० रोजी, महिंद्रने भारतात नवी ‘थार’ आणली आणि ज्या तरुणाच्या मनात जीपचे चित्र होते त्याने मोठ्या संख्येने तीच घेतली. खऱ्या जीपला येथे जो प्रतिस्पर्धी भेटला, तो तिच्याच घरात वाढलेला होता.

अमेरिकन मोटारींचा आणि महाराष्ट्राचा संबंध याहूनही जुना आहे, आणि त्यात एक धागा सोलापूरचा आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना उघडला होता. भाग अमेरिकेहून पेट्यांतून यावयाचे आणि येथे ते जोडून शेव्हरोले मोटारी बाहेर पडावयाच्या. फोर्डचाही तसाच व्यवहार होता. मात्र मोटार येथेच घडविली गेली पाहिजे, नुसती जोडून भागणार नाही, हा आग्रह ज्यांनी धरला त्यांत सर विश्वेश्वरय्या आणि १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद हे अग्रभागी होते. वालचंदांनी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली; क्रायस्लरशी जमले; सरकारी अनास्थेमुळे वर्षे गेली, आणि शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डी सोटो ही नावे धारण करणाऱ्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे तेथेच फियाटची ११०० ही छोटी मोटार तयार होऊ लागली. तिचे ‘प्रीमियर पद्मिनी’ असे बारसे झाले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत राहिली.

या पूर्वेतिहासात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने नुसत्या जोडणीचे कारखाने चालू देणार नाही असे ठरविले, तेव्हा फोर्ड व जनरल मोटर्स या दोघांनीही येथे खरा कारखाना उभारण्यापेक्षा गाशा गुंडाळणे पसंत केले. कारण उघड होते. त्यावेळची भारतीय बाजारपेठ वर्षाला काही हजार मोटारींची, आणि डेट्रॉइटच्या हिशेबात तेवढ्यासाठी साचे ओतणे परवडणारे नव्हते. मोटार हा धंदा मूलतः मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा आहे. साचे, ठसे, रंगशाळा यांवरील खर्च एकदाच होतो, आणि तो जितक्या अधिक गाड्यांवर वाटला जाईल तितकी प्रत्येक गाडी स्वस्त पडते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपण सरासरी खर्चाची उतरती रेषा फळ्यावर काढून दाखवितो. त्या रेषेच्या वरच्या टोकाला ज्याला राहावे लागते, त्याची फरफट कशी होते याचे जीपइतके चांगले उदाहरण आज महाराष्ट्रात दुसरे नाही.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये जीप अधिकृतपणे भारतात परतली ती चुकीच्या पावलाने. पहिल्या गाड्या संपूर्ण आयात केलेल्या, आणि त्यांच्या किमती सत्तर लाखांच्या पुढे. या किमतीला गाडी विकली जात नाही, फक्त तिची छायाचित्रे छापली जातात. परंतु पुढच्याच वर्षी, ३१ जुलै २०१७ रोजी, रांजणगाव येथे तयार झालेली ‘कंपास’ १४ लाख ९५ हजार रुपये या प्रारंभिक किमतीला आली आणि जाणकार चकित झाले. ज्या रांजणगावला आपण अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या दर्शनासाठी जातो, तेथे फियाटचा आणि टाटा मोटर्सचा भागीदारीतील कारखाना आहे. कंपाससाठी त्यात २८ कोटी डॉलर गुंतविले गेले. ही गाडी उजव्या बाजूला चाक असलेल्या इतर देशांसाठी, म्हणजे जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन यांसाठीही येथूनच जाणार होती. पहिल्या वर्षभरातच कंपासचा खप सुमारे पंचवीस हजारांवर गेला. परदेशी गाडीची प्रतिष्ठा, दणकट बांधणी आणि देशी गाडीच्या जवळ जाणारी किंमत असा हा त्रिवेणी संगम होता. त्यावेळी कोणी या गाडीच्या भवितव्याविषयी शंका घेतली असती तर त्याला कुत्सित म्हटले गेले असते.

मग बिघडले कोठे?

पहिले कारण स्पर्धेचे. २०१९ च्या जानेवारीत टाटांची हॅरियर १२ लाख ६९ हजारांपासून आणि जूनमध्ये एमजीची हेक्टर १२ लाख १८ हजारांपासून बाजारात आली. २०२१ मध्ये महिंद्रची एक्सयूव्ही ७०० तर सुरुवातीला १२ लाखांच्या आतच जाहीर झाली. या गाड्या आकाराने कंपासपेक्षा मोठ्या होत्या. गंमत अशी की, हॅरियर व हेक्टर या दोघींच्याही पोटात जे दोन लिटरचे डिझेल इंजिन धडधडत होते, ते कंपासचेच, फियाटच्या घराण्यातील होते. एका अर्थी ही फियाटची जुनीच खोड म्हणावी लागेल. तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टपासून टाटांच्या मोटारींपर्यंत इतक्या गाड्यांत बसले की लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. त्याच इंजिनाच्या खुद्द फियाटच्या पुन्टो व लिनिया या गाड्या मात्र विक्रेत्यांच्या दालनात उभ्या राहिल्या, आणि २०१९ च्या सुमारास फियाटचे नावच भारतीय बाजारातून पुसले गेले. इंजिन विकून नफा होतो हे खरे, परंतु आपले सर्वांत चांगले अंग प्रतिस्पर्ध्याला विकल्यावर ग्राहकाने आपल्याकडे का यावे, याचे उत्तर तयार ठेवावे लागते.

दुसरे कारण किमतीचे. प्रतिस्पर्धी खाली येत असता जीप वर चढत गेली. पंधरा लाखांत मिळणारी कंपास २०२३ पर्यंत वीस लाखांच्या पलीकडे गेली. त्याच वर्षी पेट्रोलवर चालणारी कंपास बंद झाली आणि ज्या काळात लोक डिझेलपासून दूर जात होते त्या काळात जीपकडे फक्त डिझेल उरले. उत्सर्जनाचे नवे नियम पाळण्यासाठी पेट्रोल इंजिनावर खर्च करावा एवढी विक्री नव्हती, म्हणून ते इंजिन गेले. आणि ते गेल्यामुळे विक्री आणखी घटली. २०२२ च्या मे महिन्यात आलेली ‘मेरिडियन’ ही सात आसनी गाडी तर आरंभालाच २९ लाख ९० हजारांची होती. २०२४ मध्ये कंपासची प्रारंभिक किंमत उतरवून १८ लाख ९९ हजार करण्यात आली. परंतु एकदा वर नेलेली किंमत खाली आणण्यात एक धोका असतो. जो नवा ग्राहक येतो तो आणखी उतरेल म्हणून थांबतो, आणि ज्याने गेल्या वर्षी पूर्ण किंमत मोजली तो आपल्या मेव्हण्याला ती गाडी घेऊ नकोस असे सांगतो. कांद्याचा भाव उतरला तर मागणी वाढते, हा सिद्धांत दहा वर्षे वापरावयाच्या वस्तूला तसाच्या तसा लागू पडत नाही.

या तिसऱ्या मुद्द्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतील मोटारविषयक मजकुरात त्याची चर्चा फार थोडी होते आणि माझ्या मते रोगाचे मूळ तेथेच आहे. मोटार विकत घेणारा मनुष्य वास्तविक दोन वस्तू विकत घेत असतो. एक समोर दिसणारी गाडी, आणि दुसरे एक न लिहिलेले वचन. पुढील दहाबारा वर्षे सुटे भाग मिळतील, दुरुस्तीचे ठिकाण हाकेच्या अंतरावर असेल, आणि विकावयास काढली तर चार पैसे येतील, असे हे वचन असते. शाळेतील शिक्षक किंवा बँकेतील कारकून कर्ज काढून गाडी घेतो तेव्हा पहिल्या वस्तूपेक्षा दुसरीचाच विचार अधिक करतो आणि ते शहाणपणाचे आहे. आता हे वचन पाळले जाईल की नाही हे ग्राहकाने कसे ओळखावे? तो इतर ग्राहकांकडे पाहतो. रस्त्यावर त्या गाड्या पुष्कळ दिसल्या तर कंपनी टिकेल असे मानतो. कमी दिसल्या तर घेत नाही. सर्वांनी असेच मानले की कंपनी खरोखरच टिकत नाही. बँकेवर ठेवीदारांची धाव पडते तेव्हा नेमके हेच घडते. बँक सुस्थितीत असली तरी ‘बुडणार’ या समजुतीनेच ती बुडते. मोटार कंपनीवर अशी धाव एका दिवसात पडत नाही, महिन्यामागून महिने हळूहळू पडते, एवढाच फरक.

आणि ही समजूत भारतीय ग्राहकाच्या मनात अमेरिकनांनीच रुजविली आहे. जनरल मोटर्स १९९० नंतरच्या उदारीकरणात परतली. प्रथम गुजरातेत हलोल येथे आणि २००८ पासून आपल्याकडे तळेगाव येथे तिने कारखाना चालविला. शेव्हरोलेचे नाव मोठे होते. परंतु त्या नावाखाली येणाऱ्या गाड्यांपैकी कित्येक कोरियातील देवू कंपनीच्या जुन्या गाड्यांचे नवे अवतार होते. २०१७ मध्ये बाजारातील वाटा एक टक्क्याच्याही खाली आला असताना कंपनीने त्या वर्षअखेर भारतातील विक्री थांबविण्याचे जाहीर केले. निर्यातीसाठी तळेगाव २०२० च्या डिसेंबरपर्यंत चालले आणि मग बंद पडले. हजाराहून अधिक कामगारांचा तंटा न्यायालयात गेला. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला कारखाना विकण्याचा करार सरकारी संमतीवाचून वाया गेला. २०२४ च्या जानेवारीत ह्युंदाईने तो ताब्यात घेतला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. फोर्डने तर २०२१ च्या सप्टेंबरमध्ये एका सकाळी आपण भारतात मोटारी बनविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. तिचा साणंदचा कारखाना पुढे टाटांकडे गेला. शेव्हरोले आणि फोर्ड यांच्या मालकांना सुटे भाग मिळत राहतील अशी आश्वासने दिली गेली, आणि काही अंशी ती पाळलीही गेली; परंतु जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांची किंमत काय झाली हे ज्याने गाडी विकली त्याला विचारावे. जीपचा विक्रेता आज ग्राहकासमोर बसतो तेव्हा तिसऱ्या खुर्चीवर शेव्हरोलेचे भूत बसलेले असते.

कराचा मुद्दा कंपन्या नेहमी पुढे करतात, त्यात तथ्य किती हेही पाहू. चार मीटरहून लांब, दीड लिटरहून मोठ्या इंजिनाच्या आणि उंच बांधणीच्या गाडीवर वस्तू व सेवा कर २८ टक्के आणि उपकर २२ टक्के, म्हणजे एकूण ५० टक्के भार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन तो ४० टक्के झाला. साहजिकच कंपासची किंमत उतरली. परंतु त्याच दिवशी चार मीटरच्या आतील छोट्या मोटारींवरचा भार पेट्रोलसाठी २९ आणि डिझेलसाठी ३१ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे छोट्या गाडीच्या तुलनेत मोठी गाडी स्वस्त झाली नाही. हिशेब केला तर किंचित महागच झाली. फायदा झाला तो वेगळ्या ठिकाणी. क्रेटासारख्या दीड लिटरच्या आतील लांब गाडीवर पूर्वी ४५ टक्के भार होता आणि कंपासवर ५०. आता दोघींवर ४०. पाच टक्क्यांचा हा अडसर दूर झाला हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्या चार मीटरच्या आतील वर्गात भारतीय बाजाराचा मोठा भाग आहे, तेथे जीपकडे येथे एकही गाडी नाही. अशी छोटी जीप येणार अशी चर्चा कित्येक वर्षे झाली; प्रत्यक्षात त्या वर्गात स्टेलांटिसने २०२२ मध्ये आणली ती फ्रेंच भावंडाची सित्रोएन सी३, आणि तीही तमिळनाडूत बनणारी. एकाच घरातील दोन भावंडांनी दोन वेगळ्या चुली मांडाव्यात आणि दोन्हींवर अर्धेच भांडे चढावे, असा हा प्रकार झाला.

खुद्द अमेरिकेत तरी जीपची स्थिती काय आहे? २०१८ मध्ये तेथे ९ लाख ७३ हजार जीपगाड्या विकल्या गेल्या होत्या. २०२४ मध्ये ही संख्या ५ लाख ८७ हजारांवर आली. सहा वर्षांत दहामागे चार ग्राहक गेले. रोगाची लक्षणे ओळखीचीच आहेत. प्रत्येक गाडीमागे अधिक नफा काढण्याच्या धोरणात किमती वाढविल्या गेल्या, मध्यमवर्गाची ‘चेरोकी’ २०२३ मध्ये बंद करून तिची जागा रिकामी ठेवली गेली, आणि विक्रेत्यांच्या आवारांत न विकलेल्या गाड्या साचल्या. या धोरणाचे शिल्पकार मानले गेलेले कार्लोस ताव्हारेस यांना डिसेंबर २०२४ मध्ये पायउतार व्हावे लागले. २०२५ च्या जूनमध्ये आन्तोनियो फिलोसा प्रमुख झाले. त्यांनी पूर्वी जीपचाच कारभार पाहिला होता. चेरोकी नव्या संकरित इंजिनासह परत आणण्याचे ठरले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील कारखान्यांसाठी १,३०० कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर झाली. अमेरिकेत जीप सावरेल असे मला वाटते. तेथे रस्त्यावर लक्षावधी जुन्या जीप आहेत, प्रत्येक गावात विक्रेता आहे, आणि वचनाविषयी कोणाला शंका नाही. तेथील दुखणे किमतीचे आहे आणि किंमत मालकाच्या हातात असते.

परंतु अमेरिकेतील प्रकृती सुधारली म्हणजे रांजणगावची सुधारेल असे नाही. उलटेही होऊ शकते. तेरा अब्ज डॉलर ओहायो, मिशिगन, इलिनॉय, इंडियानात खर्च करणाऱ्या कंपनीकडे भारतासाठी नवी गाडी घडविण्याइतका पैसा व उत्साह उरेल काय? कंपासची नवी पिढी २०२५ मध्ये युरोपसाठी इटलीतील मेल्फी येथे तयार होऊ लागली, तेव्हा रांजणगावात २०१७ चीच गाडी किरकोळ रंगसफेती करून बनत होती. २०२५ च्या अखेरीस कंपनीने भारतासाठी जी योजना मांडली, तिचा भरही चालू गाड्यांचे आयुष्य वाढविणे, देशी भागांचे प्रमाण वाढविणे आणि निर्यात यांवरच होता. देशी भाग वाढविणे योग्यच आहे. ते २०१८ मध्ये, गाडी तेजीत असताना व्हावयास हवे होते, इतकेच.

अडचणीत सापडलेले परदेशी नाव भारतात पुन्हा उभे राहिल्याची उदाहरणे नाहीत असे नव्हे. रॉयल एनफील्ड हे इंग्लंडमध्ये मेलेले नाव आयशर कंपनीने चेन्नईत जगविले आणि मग जगभर विकले. हार्ले-डेव्हिडसनने २०२० मध्ये आपला हरयाणातील कारखाना बंद केला, परंतु लगेच हिरो कंपनीशी करार केला. हिरोने घडविलेली एक्स४४० ही मोटारसायकल २०२३ च्या जुलैत सव्वादोन लाखांच्या आसपास आली आणि पहिल्या महिन्यातच पंचवीस हजारांहून अधिक जणांनी नावे नोंदविली. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच दिसते. नाव परदेशी, पण गाडी येथील माणसाने, येथील खिशाला बेतून, येथील विक्रेत्यांच्या जाळ्यातून विकलेली. जीपपुढे असा मार्ग आहे काय? रांजणगावच्या भागीदारीत टाटा बसलेलेच आहेत. टाटांच्या एखाद्या छोट्या सांगाड्यावर जीपचा देह चढविला, तर साच्यांचा खर्च वाटला जाईल आणि चार मीटरचा दरवाजाही उघडेल. पण टाटांनी हे का करावे, हा प्रश्न उरतोच. त्यांच्या स्वतःच्या गाड्या त्याच वर्गात विकल्या जात असताना शेजारच्या दुकानाला माल कोण पुरवील? महिंद्रशी तर भांडण न्यायालयापर्यंत गेलेले. वालचंदांच्या वेळी क्रायस्लरला भारतीय भागीदाराची जी गरज होती ती तिच्या वारसदारांना आजही आहे. बदलले आहे ते एवढेच की भारतीय भागीदाराला आता त्यांची गरज पूर्वीसारखी उरलेली नाही.

माझा अंदाज विचाराल तर महिन्याला दोन हजार कंपास विकल्या जाण्याचे दिवस जुन्या गाडीच्या बळावर परत येणार नाहीत. करकपातीने, सवलतीने, नव्या रंगाने काही महिने आकडे हलतील. जीप भारतात राहील, परंतु रँग्लरसारख्या गाड्यांच्या हौशी व श्रीमंत ग्राहकांपुरती, आणि निर्यातीच्या आधारावर. हा अंदाज चुकावा अशी इच्छा आहे, आणि तो चुकण्याचा एकच मार्ग मला दिसतो. पंधरा लाखांच्या खाली, पेट्रोल किंवा संकरित इंजिनाची, येथे घडलेली एखादी गाडी दोन-तीन वर्षांत आली पाहिजे; आणि तिच्याबरोबर सुट्या भागांविषयी व जुनी गाडी परत विकत घेण्याविषयी लेखी, कायद्याने बांधणारे वचन आले पाहिजे. भाषणातले आश्वासन आता कोणी ऐकणार नाही.

आपल्याकडील पालकांना आणि तंत्रनिकेतनातून बाहेर पडणाऱ्या मुलांना यातून काय, असे कोणी विचारील. सोलापूरच्या गिरण्या बंद पडत गेल्या तसतशी या शहरातील तरुणांची वाट पुण्याच्या रस्त्याला लागली. चाकण, तळेगाव, रांजणगाव ही नावे आपल्या घरांत आज पूर्वीच्या जुन्या मिलच्या भोंग्याइतकी परिचित आहेत. शिवाय चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. तेथे घडलेले कॅमशाफ्ट जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्या इंजिनांत जगभर बसले आहेत. डेट्रॉइटला पडसे झाले की चिंचोळीला शिंक येते, ही अतिशयोक्ती नव्हे. म्हणून नाव आणि कारखाना यांत फरक करावयास आपण शिकले पाहिजे. शेव्हरोलेचे नाव गेले आणि तळेगावचे कामगार त्याच्याबरोबर रस्त्यावर आले, कारण त्या कारखान्यात दुसऱ्या कोणाचा माल बनत नव्हता. ह्युंदाई आली तोपर्यंत तीन वर्षे उलटून गेली होती, आणि नव्या मालकाने जुन्या कामगाराला घ्यावे असे कोठे लिहिलेले नव्हते. रांजणगावची गोष्ट निराळी आहे. तेथे २०१७ पासून कंपासच्या शेजारच्याच रांगेत टाटांची नेक्सॉन तयार होत आली, आणि महिन्याला काही शेकडा कंपास निघोत वा न निघोत, नेक्सॉनच्या हजारो गाड्यांनी पाळ्या चालू ठेवल्या. त्या कारखान्यात नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलाने मुलाखतीला जाण्यापूर्वी जीपच्या विक्रीचे आकडे पाहण्याची फारशी गरज नाही. आपली नेमणूक कोणत्या रांगेवर होणार आहे आणि ती कायम आहे की कंत्राटी, हे मात्र त्याने जरूर विचारावे.